रिंगखालची धडक

२०२३ च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम कुस्ती झाली. एकीकडे मोहोळचा सिकंदर शेख, दुसरीकडे मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. दोघंही सोलापूर जिल्ह्याचे, त्यामुळे भांडण घरातलंच. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी त्याला चार गुण दिले, आणि पुढचे कित्येक दिवस जिल्ह्यातल्या तालमींपासून चहाच्या गाड्यांपर्यंत त्या एका क्षणाचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला गेला. टांग लागली, यावर वाद नव्हता. सिकंदरची पाठ धोकादायक स्थितीत गेली की नाही, यावर होता. पाठ आणि आखाडा यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत आला तर चार गुण, नाही तर दोन. प्रकरण पंचांना फोनवरून धमकी आल्याच्या तक्रारीपर्यंत गेलं.

त्या गदारोळात मुळात नियमच चुकीचा आहे, असं मात्र फारसं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांचा राग नियम लावणाऱ्यावर होता. बास्केटबॉलमध्ये याच्या नेमकं उलट घडतं. तिथे रिंगखाली दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, पंचांनी शिट्टी फुंकली आणि मूठ तळव्यावर आपटून ‘चार्जिंग’ची खूण केली, की प्रशिक्षक, खेळाडू आणि प्रेक्षक नियमालाच आव्हान देतात. अमेरिकेत तर हा फाउल पुस्तकातून काढूनच टाका, अशी मागणी अधूनमधून होत असते. आपल्याकडे शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही सगळ्यात जास्त हातवारे याच शिट्टीवर होतात. म्हणून हा नियम काय आहे, कुठून आला आणि तो न्याय्य आहे का, हे जरा सावकाश पाहू.

प्रसंग साधा असतो. चेंडू घेतलेला खेळाडू ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, बचाव फोडतो, दोन पावलं टाकतो आणि ले-अपसाठी, म्हणजे रिंगजवळून चेंडू टाकायला, उडी घेतो. त्याचा मूळ प्रतिस्पर्धी मागे राहिलेला असतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा एक बचावपटू मदतीला सरकतो, रिंगसमोर उभा राहतो आणि छातीवर धडक घेऊन मागे कोसळतो. आता पंचांसमोर दोन निर्णय असतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे असतात. बचावपटू आधीपासून योग्य रीतीनं उभा होता असं ठरलं, तर दोष चेंडूवाल्याचा. त्याच्या नावावर फाउल, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे, आणि चेंडू हातातून सुटायच्या आधीच धडक झाली असेल तर बास्केटही रद्द. बचावपटू उशिरा आला असं ठरलं, तर दोष त्याचा. पंच दोन्ही हात कमरेवर ठेवतात, ‘ब्लॉकिंग’. बास्केट झाली असेल तर दोन गुण धरायचे आणि वर एक फ्री थ्रो. म्हणजे एकाच धडकेचा अर्थ कधी तीन गुण, कधी शून्य गुण आणि हातचा चेंडूही गेला. शिवाय पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि हा फाउल कुणाच्या खात्यात पडणार हेही त्या एका शिट्टीवर ठरतं. धक्का किरकोळ होता, खेळात फरक पडला नाही, असं मानून शिट्टी न वाजवण्याची मुभा पंचांना असते. पण एक खेळाडू जमिनीवर आडवा पडलेला असताना गप्प राहायला फार मोठी छाती लागते.

गंमत अशी की ज्यानं हा खेळ काढला, त्याच्या मूळ नियमांत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ रचला. फुटबॉल-रग्बीतली आडदांड झोंबाझोंबी टाळणं हा त्यांचा उघड हेतू होता. लक्ष्य डोक्यावर, व्यायामशाळेच्या सज्जाच्या उंचीवर टांगलं, ते याचसाठी. आडवा गोल असला की तिथे जोर लावून उपयोग नाही, चेंडू अलगद वर टाकावा लागतो. त्यांच्या तेरा नियमांतला पाचवा नियम खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाडणं या सगळ्याला बंदी करतो. पण त्याहून महत्त्वाचा नियम वेगळाच होता. चेंडू हातात घेऊन पळायचंच नाही, जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा. चेंडूवाला पळतच नसेल तर तो कुणावर आदळणार? पुढे खेळाडूंनी चेंडू जमिनीवर आपटत पुढे सरकण्याची युक्ती शोधली, ड्रिबल मान्य झाला, खेळ वेगवान आणि देखणा झाला. आणि वेग आला की धडक आलीच. चार्जिंगचा वाद ही ड्रिबलची पोटची लेक आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता आजचा नियम. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, पुस्तकात संपूर्ण प्रकरण एका कल्पनेवर उभं आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं असतं. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूंना हातापायांच्या कडेपर्यंत. हे नळकांडं जमिनीपासून वरपर्यंत त्याच्या मालकीचं. दुसऱ्याच्या नळकांड्यात शिरून धक्का दिला तर फाउल. जो खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या आधी एखाद्या जागी पोचला, ती जागा त्याची. बचावपटूला मात्र सुरुवातीला एक अट पुरी करावी लागते. तोंड प्रतिस्पर्ध्याकडे हवं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले हवेत. एकदा ही स्थिती मिळवली की मग तो पुतळ्यासारखा उभा राहिला पाहिजे असं नाही. तो मागे किंवा बाजूला सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. धडक छातीवर बसली तर दोष चेंडूवाल्याचा.

इथे आपल्या बहुतेक प्रेक्षकांचा, आणि खरं सांगायचं तर काही प्रशिक्षकांचाही, एक गैरसमज असतो. “सर, तो हलत होता!” असं ओरडणं ऐकलं नाही असा सामना विरळाच. हलणं हा गुन्हा नाही. सरकत येणाऱ्या माणसाच्या अंगावर सरकणं, म्हणजे त्याच्या दिशेनं पुढे जाणं, हा गुन्हा आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं इथे चालत नाही. नुसता हात किंवा गुडघा आडवा घालून जागा मिळत नाही, अख्खं अंग तिथे न्यावं लागतं. पण एकदा अंग तिथे नेलं की ती सीट तुमची.

चेंडूवाल्याच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. चेंडू नसलेल्या खेळाडूला अडवताना त्याला थांबायला किंवा वळायला पुरेसं अंतर द्यावं लागतं. चेंडूवाल्याला अडवताना वेळ आणि अंतर यांचा विचारच नाही. तुझ्या हातात चेंडू आहे, तर कुठल्याही क्षणी कुणीतरी आडवं येणार हे तू गृहीत धर, असं नियम बजावतो. अपवाद एकच. खेळाडूनं उडी मारून जमीन सोडली, की त्यानंतर त्याच्या वाटेत कुणी यायचं नाही. हवेतल्या माणसाला सुखरूप उतरायचा हक्क आहे.

तत्त्व म्हणून हे मला पूर्ण पटतं. मैदान दोघांचं आहे. हल्ला करणाऱ्याच्या हातात चेंडू आला म्हणून त्याला वाटेतल्या माणसाला तुडवत जायचा परवाना मिळत नाही. कबड्डीत हेच गणित वेगळं आहे. तिथे चढाईपटूला डॅश मारून रेषेबाहेर काढणं ही बचावाची कला आहे आणि तिला टाळ्या पडतात. खो-खोत तर पाठलाग करणाऱ्यालाच बांधून टाकलंय. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही. वेळापूरच्या रामजी कश्यपसारखा खेळाडू, जो २०२५ चा पहिला खो-खो विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात होता, तो या बंधनाचा फायदा घेऊनच हुलकावण्या देतो. अल्टिमेट खो-खो लीगनं ‘वजीर’ आणला आणि त्या एका खेळाडूला दोन्ही दिशांची मोकळीक दिली, तेवढ्यानं खेळाचा तोल किती बदलला ते आपण पाहिलंच. प्रत्येक खेळ धडकेचा हिशेब आपापल्या पद्धतीनं लावतो. बास्केटबॉलनं तो जागेच्या मालकीवर लावला.

मग अडचण कुठे येते? रिंगच्या जवळ येते, आणि तिला कारण शरीराच्या मर्यादांचं आहे. मैदानाच्या मध्यावर कुणी आडवं आलं तर चेंडूवाला थांबू शकतो, वळू शकतो, चेंडू दुसऱ्याला देऊ शकतो. रिंगपाशी पोचल्यावर त्याची नजर वर, ३.०५ मीटर उंचीवरच्या कडीकडे असते. चेंडू हातात घेतल्यावर त्याला फक्त दोन पावलं उरतात. आणि उडी मारल्यावर तर काहीच उरत नाही. ६० सेंटीमीटर उंच उडी मारणारा मुलगा साधारण ०.७ सेकंद हवेत असतो. तो सेकंदाला चार मीटरच्या वेगानं येत असेल तर उडीच्या माथ्यावर पोचेपर्यंतच तो जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेला असतो. हवेत दिशा बदलता येत नाही, हे काही नियमाचं बंधन नाही, निसर्गाचं आहे. आणि डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर शरीरानं प्रतिसाद द्यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे त्याचा शेवटचा पाय जमिनीवर टेकलेला असताना बचावपटू समोर येऊन उभा राहिला, तर नियमानं बचावपटू बरोबर, पण चेंडूवाल्यानं काय करायला हवं होतं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. पाय रोवला, गुडघा वाकला, शरीर उडीच्या वाटेवर लागलं, तरी पुस्तकाच्या दृष्टीनं तो अजून जमिनीवरच आहे. अशक्य गोष्ट केली नाही म्हणून शिक्षा, हा या नियमाचा सगळ्यात कच्चा दुवा आहे.

दुसरी गोष्ट हेतूची. मदतीला आलेला बचावपटू बऱ्याचदा चेंडू अडवायला आलेलाच नसतो. तो धडक खायला आलेला असतो. हात छातीशी घट्ट, डोळे किलकिले, वजन टाचांवर. धक्का बसण्याआधीच तो मागे पडायला लागलेला असतो. यात बचावाचं कौशल्य आहे का? आहे, हे मान्य करायला हवं. चाल आधी ओळखणं, वेळेवर पोचणं आणि अंगावर येणाऱ्या माणसासमोर न डगमगता उभं राहणं हे सोपं नाही. पण खेळ चेंडूचा आहे, आणि चेंडूला हात लावायची इच्छाही नसलेल्या माणसाला त्यातलं सर्वात मोठं बक्षीस मिळावं, हे खटकतं.

हे खटकणं नियम करणाऱ्यांनाही जाणवलं. अमेरिकेच्या एनबीएनं १९९७ मध्ये रिंगखाली चार फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखलं. त्यात उभं राहून मदतनीस बचावपटूला चार्जिंग मिळणार नाही. तिथल्या कॉलेज स्पर्धांनी २०११ मध्ये तीन फुटांचं आणि पुढे २०१५ मध्ये चार फुटांचं वर्तुळ स्वीकारलं. फिबानं २०१० मध्ये, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर नेली त्याच वेळी, १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ जगभर लागू केलं. आजच्या नियमानं बचावपटूचा एक पाय जरी त्या क्षेत्राला लागलेला असला, आणि चेंडूवाला हवेत असून बास्केट किंवा पास करत असला, तर त्या धडकेला चार्जिंग म्हणायचं नाही. चेंडूवाल्यानं हातानं ढकललं, कोपर मारलं किंवा गुडघा घातला तर मात्र सूट नाही. आणि बचावपटूनं तिथे सरळ वर उडी मारून, हात उभे ठेवून अडवलं तर त्याचा हक्क शाबूत राहतो. इंडियाना पेसर्सच्या रॉय हिबर्टनं २०१३ च्या सुमारास याच सरळ उडीच्या जोरावर नाव कमावलं. पण तो सात फुटांहून उंच होता, हे विसरायचं नाही. त्याकडे पुन्हा येतो.

अर्धवर्तुळानं रिंगच्या बरोबर खालची धोकादायक गर्दी कमी केली, यात शंका नाही. पण वाद काही मिटला नाही, तो अर्धवर्तुळाच्या काठावर जाऊन बसला. हुशार प्रशिक्षक आता मुलांना टाच रेषेच्या किंचित बाहेर ठेवायला शिकवतात. त्यामुळे पंचांवरचं ओझं वाढलं. पूर्वी त्यांना तीन गोष्टी पाहायच्या होत्या: बचावपटूचे पाय टेकले का, धडक छातीवर झाली का, चेंडूवाल्यानं जमीन कधी सोडली. आता चौथी आली, बचावपटूची टाच रेषेला लागली होती का. यातल्या दोन गोष्टी जमिनीवर, एक छातीच्या उंचीवर आणि एक दुसऱ्याच माणसाच्या पायाशी. हे सारं अर्ध्या सेकंदात, आणि बहुतेकदा जिल्हा पातळीवर दोनच पंच.

चांगल्या पंचांना प्रशिक्षणात एक गोष्ट ठसवून सांगितलेली असते: धडक होईल असं वाटलं की चेंडूकडे नाही, बचावपटूकडे पाहा. कारण निर्णय त्याच्या स्थितीवर ठरणार आहे. पण मैदानाभोवतीचे सगळे लोक त्याच वेळी चेंडूकडे पाहत असतात. त्यामुळे पंच आणि प्रेक्षक यांनी पाहिलेला प्रसंग शब्दशः वेगवेगळा असतो. प्रेक्षकांना चार्जिंगची शिट्टी आकाशातून पडल्यासारखी वाटते, यात नवल नाही. आपण पुढच्या वेळी एखादा सामना फक्त बचावपटूंकडे पाहत बघावा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो, मग खेळ वेगळाच दिसायला लागतो.

कॅमेरा आला म्हणून प्रश्न सुटत नाही, याचं उत्तम उदाहरण ३१ मे २०१८ च्या एनबीए अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात मिळालं. क्लीव्हलँड १०४, गोल्डन स्टेट १०२, निर्धारित वेळेतलं शेवटचं मिनिट. केव्हिन ड्युरांट आत घुसला आणि लेब्रॉन जेम्सवर आदळला. पंचांनी चार्जिंग दिलं. मग लेब्रॉन अर्धवर्तुळात होता का, हे तपासायला पंच पडद्याकडे गेले. तो अर्धवर्तुळाच्या चांगलाच बाहेर होता. पण एकदा पडदा पाहायला गेलं की बचावाची स्थितीही तपासता येते, या तरतुदीचा आधार घेऊन पंचांनी निर्णय उलटवला आणि ब्लॉकिंग दिलं. ड्युरांटनं दोन फ्री थ्रो मारून बरोबरी केली आणि जादा वेळेत गोल्डन स्टेटनं सामना १२४-११४ असा जिंकला. तांत्रिकदृष्ट्या दुसरा निर्णय बरोबर होता असं मानणारे बरेच आहेत. पण ज्या कारणासाठी तपासणी सुरू झाली ते कारणच लागू नव्हतं, आणि जे एरवी तपासलं जात नाही तेच त्या निमित्तानं तपासलं गेलं. क्लीव्हलँडचे लोक अजून ते विसरलेले नाहीत. मोहोळच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या मते खरी दुरुस्ती रेषेत नसून क्षणात आहे. बचावपटूनं कोणत्या क्षणापर्यंत जागा घेतलेली असावी? याची जगात तीन उत्तरं आहेत. फिबा म्हणतं, चेंडूवाल्यानं जमीन सोडण्यापूर्वी. एनबीए म्हणतं, त्याची बास्केट करण्याची वर जाणारी हालचाल सुरू होण्यापूर्वी. अमेरिकेच्या पुरुष कॉलेज स्पर्धांनी २०२३-२४ च्या हंगामापासून तिसरं उत्तर दिलं: उडीसाठीचा शेवटचा पाय जमिनीवर रोवला जाण्यापूर्वी. या तिसऱ्या उत्तरात शहाणपण आहे. पाय रोवण्यापूर्वी समोर कुणी दिसलं तर चेंडूवाल्याला निदान पाऊल बदलता येतं. रोवल्यानंतर नाही. निर्णय घेणं जिथपर्यंत शक्य आहे तिथपर्यंतच जबाबदारी, हे कुठल्याही न्यायाला धरून आहे. शिवाय पंचांनाही पाय टेकलेला क्षण दिसतो, पाय सुटलेला क्षण त्या मानानं फसवा असतो.

मग चार्जिंग पूर्णच रद्द का करू नये? इथे मी थबकतो, आणि थबकण्याचं कारण उंची आहे. सरळ उडी मारून अडवणं हे हिबर्टला शोभतं. आपल्या संघात साडेपाच फुटांचा बचावपटू असतो आणि समोरून सहा फूट दोन इंचांचा, भरलेल्या अंगाचा मुलगा रिंगकडे येतो, तेव्हा त्या बुटक्या पोराच्या हातात काय उरतं? उडी मारून तो चेंडूपर्यंत पोचत नाही. हात घातला तर फाउल. बाजूला झाला तर दोन गुण फुकट. आधी ओळखून, वाटेत पाय रोवून उभं राहणं, एवढं एकच हत्यार त्याच्याकडे आहे. उंची जन्मानं मिळते, जागा मात्र डोकं वापरून मिळवता येते. जो नियम अक्कल आणि धाडस यांना उंचीच्या तोडीला आणतो तो एका फटक्यात काढून टाकणं म्हणजे खेळ उंच आणि दांडग्या मुलांना आंदण देणं. चार्जिंग रद्द करा म्हणणारे बहुतेक लोक टीव्हीवर हवेत तरंगणारे खेळाडू पाहून बोलतात. जिल्हा पातळीवरच्या कमी उंचीच्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारून पाहा, तो वेगळं बोलेल.

नाटकाचं काय, हाही प्रश्न उरतो. स्पर्शही न होता उलटी कोलांटी घेणाऱ्या खेळाडूंवर फिबाच्या नियमात आधी ताकीद आणि मग टेक्निकल फाउल आहे. एनबीएनं २०१२ मध्ये दंड सुरू केला आणि २०२३-२४ पासून सामन्यातच टेक्निकल द्यायला सुरुवात केली. कागदावर तरतूद आहे. आपल्याकडे ती वापरताना पंच फार संकोचतात. त्यांनी संकोचू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि सोलापूरच्या दृष्टीनं तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. हा सगळा नियम लाकडी, लवचीक, छपराखालच्या मैदानावर वाढला. तिथेही माणसं जबर जखमी होतात. १६ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी एनबीएच्या प्लेऑफमध्ये मेम्फिसचा जा मोरंट रिंगपाशी झालेल्या टकरीनंतर हातावर पडला, आणि मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुन्पो मध्ये आलेल्या केव्हिन लव्हवर आदळून पाठीवर पडला. यानिसला पुढच्या दोन सामन्यांना मुकावं लागलं आणि अव्वल मानांकित मिलवॉकी ती मालिका आठव्या मानांकनाच्या मायामीकडून हरली. लाकडावर ही गत. सोलापुरात काय किंवा बार्शी-पंढरपुरात काय, शाळा-कॉलेजांची बहुतेक मैदानं उघडी आणि सिमेंटची. उन्हाळी शिबिरात पारा चाळिशीच्या वर असतो, सिमेंट हाताला लावता येत नाही. अशा जमिनीवर चौदा वर्षांच्या मुलाला “उभा राहा, धडक घे, मागे पड” असं शिकवणं म्हणजे त्याच्या मनगटाचा, माकडहाडाचा आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा जुगार खेळणं. नियम पंचांसाठी आहे, तो शिकवायलाच हवा. पण चार्जिंग ‘मिळवण्याचा’ सराव चौदा वर्षांखालच्या मुलांकडून सिमेंटवर करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात सरळ उभं राहून हात वर करायला शिकवलं तरी पुष्कळ झालं.

आणि एक अगदी स्वस्तातला उपाय शिल्लक आहे. जुन्या मैदानांवर ते अर्धवर्तुळ आखलेलंच नसतं. २०१० च्या आधी रंगवलेलं मैदान, नंतर फक्त त्याच रेषांवर पुन्हा रंग. मग पंच अंदाजानं निर्णय देतात आणि भांडण सुरू होतं. मैदान आखणाऱ्यांनी रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडावा. तो जिथे टेकेल तो बिंदू शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवा. त्या बिंदूवर सुतळी धरून १.२५ मीटरवर खडू फिरवावा आणि अर्धवर्तुळाची दोन्ही टोकं बोर्डाच्या समोरच्या कडेखालपर्यंत ३७.५ सेंटीमीटरच्या सरळ रेषांनी न्यावीत. १.२५ मीटर हे माप अर्धवर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंतचं, रेषेची जाडी पाच सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला. एक छोटा डबा पांढरा रंग, एक ब्रश आणि दोन शिक्षकांची एक सकाळ, एवढाच खर्च. यंदाच्या जिल्हास्तर शालेय स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ज्या शाळांच्या मैदानांवर सामने होणार आहेत, तिथल्या क्रीडाशिक्षकांनी एवढं काम उरकून घ्यावं.